जुन्या मोटारीला नवें काळीज

बीड जिल्ह्यांतील माणसाचें मोटारीशीं असलेलें नातें मुंबई-पुण्याच्या माणसाच्या नात्याहून निराळें आहे. ज्या गांवीं आगगाडी आहे तेथें मोटार ही सोय असते. ज्या गांवीं ती नाहीं तेथें मोटार ही गरज होते. परळी वैजनाथला रेल्वे फार पूर्वींच पोंचली होती. परंतु जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बीड शहर, तेथून अहिल्यानगरकडे पहिली उतारूगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ या दिवशीं. तोंपर्यंत बीडचा माणूस बाहेर पडावयाचा तो रस्त्यानेंच. निजामाच्या राजवटींत, १९३२ सालीं, हैदराबाद संस्थानच्या रेल्वेखात्यानें २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्या भांडवलावर सरकारी बससेवा सुरू केली, तेव्हां बीड जिल्हा त्याच संस्थानांत होता. पुढें १९५६ सालीं हा जिल्हा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्राचा भाग झाला. राज्यें बदललीं, रस्ता मात्र तोच राहिला. धुळ्याहून सोलापूरला जाणारी वाट गेवराईवरून बीडला येते आणि पुढें मांजरसुंब्यापाशीं बालाघाटच्या डोंगरावर चढते. गाडीच्या अंगांत खरोखर किती बळ आहे, हें अशा चढावर कोणालाहि न विचारतां समजतें.

अशा मुलखांतील मिस्त्री हा केवळ दुरुस्ती करणारा राहत नाहीं. हवा असलेला भाग परगांवाहून येईपर्यंत आठ दिवस थांबणें गिऱ्हाइकाला परवडत नाहीं. तेव्हां एका गाडीचा भाग दुसरीला जमवावयाचा, लेथवर नवा दांडा कातून घ्यावयाचा, तुटलेल्या कमानपाट्याच्या जागीं दुसरा बसवावयाचा, असें त्याचें शिक्षण होत जातें. या गुणाला लोक कौतुकानें जुगाड म्हणतात आणि पुष्कळदां त्याच शब्दानें त्याची हेटाळणीहि करतात. प्रस्तुत विषय या गुणाच्या अगदीं टोकाला उभा आहे. इंग्रजी बनावटीची एखादी जुनी बंद मोटार घ्यावी, तिचें मूळ इंजिन काढून तिच्या पोटांत कितीतरी अधिक शक्तीचें यंत्र बसवावें, तिचा पत्रा कापून-जोडून तिला नवा डौल आणावा, आणि आजोबांच्या चेहऱ्याची ती गाडी नातवाच्या वेगानें पळवावी, असा हा शौक आहे. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. हा शौक करावा कीं नाहीं, आणि करावयाचा तर कोणत्या गाडीवर व कोणत्या मर्यादेंत, याचा विचार सुजाण कुटुंबांनीं करण्यासारखा आहे. कारण त्यांत पैसा तर गुंततोच, पण माणसाचा जीवहि गुंततो.

या शौकाचा जन्म अमेरिकेंत, दक्षिण कॅलिफोर्नियांत झाला. तेथें डोंगरांपलीकडे वाळवंटांत आटलेल्या तळ्यांचीं विस्तीर्ण, सपाट पात्रें आहेत. १९३० नंतरच्या दशकांत तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या घेऊन म्युरॉकसारख्या तळ्यावर जमत, मडगार्ड, बोनेट, टप असें सर्व ओझें उतरवून ठेवीत आणि गाडी कोणाची अधिक पळते तें पाहत. घड्याळ लावून ही गति नीट मोजावी म्हणून १९३७ सालीं त्यांची एक संस्थाहि स्थापन झाली. १९३२ सालीं फोर्डनें आठ नळकांड्यांचें, सुमारें ३.६ लिटरचें, ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्य माणसाच्या किंमतींत बसणाऱ्या गाडींत घातलें, आणि या मंडळींना जणूं कच्चा मालच मिळाला. दुसरें महायुद्ध संपल्यावर सैन्यांतून परतलेल्या, यंत्रकामाची संवय झालेल्या तरुणांनीं हा छंद उचलून धरला. जानेवारी १९४८ मध्यें त्याला वाहिलेलें ‘हॉट रॉड’ नांवाचें मासिकहि निघालें. म्हणजे हा श्रीमंतांचा खेळ नव्हता. भंगारांतून वेग काढण्याचा तो गरिबांचा उद्योग होता, आणि म्हणूनच आपल्याकडील मिस्त्रीला तो परका वाटण्याचें कारण नाहीं.

इंग्रजी मोटारीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील सरकार मोटारीवरील कर तिच्या अश्वशक्तीवर आकारीत असे. पण ही अश्वशक्ति प्रत्यक्ष मोजलेली नसे. नळकांड्याचा व्यास इंचांत घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा, नळकांड्यांच्या संख्येनें गुणून अडीचनें भागावयाचें, कीं झाली कराची अश्वशक्ति. फोर्डच्या ११७२ घनसेंटिमीटर इंजिनाचा व्यास बरोबर अडीच इंच होता. चार नळकांड्यांचा हिशेब केला तर आंकडा बरोबर दहा येतो. या सूत्रांत दट्ट्याच्या फेऱ्याची लांबी कोठेंच येत नाहीं. त्यामुळें कर वांचविण्यासाठीं कारखानदारांनीं नळकांडें अरुंद व फेरा लांब ठेवला. वरील इंजिनांत व्यास ६३.५ मिलिमीटर, तर फेरा ९२.५ मिलिमीटर होता. अशा इंजिनांत दट्ट्याला प्रत्येक फेऱ्यांत लांब पल्ला कापावा लागतो, म्हणून तें फार जलद फिरूं शकत नाहीं. शिवाय अरुंद डोक्यावर मोठ्या झडपांना जागा मिळत नाहीं. इंग्रजी बंद मोटार चिवट, काटकसरी, पण मंदगति कां राहिली, याचें एक कारण तिच्या यंत्रशाळेंत नसून सरकारी खजिन्यांत होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर ही करपद्धति गेली, परंतु तिच्या छायेंत जन्मलेलीं इंजिनें पुढेंहि कितीतरी वर्षें निघत राहिलीं.

१९५३ ते १९५९ या काळांत निघालेली फोर्ड पॉप्युलर ही या जातीची नमुनेदार गाडी होय. तेंच ११७२ घनसेंटिमीटरचें इंजिन, सुमारें ३० अश्वशक्ति, तीनच गियर, आणि तेलाच्या दाबानें नव्हे तर सळ्यांनीं ओढले जाणारे ब्रेक. निघाली तेव्हां ती ब्रिटनमधील सर्वांत स्वस्त मोटार होती. परंतु हिचा सांगाडा, म्हणजे चासी, वेगळा होता आणि वरचा पत्र्याचा डबा वेगळा, वजनहि बेताचें. इंजिन बदलणाराला याहून अधिक काय हवें? त्यामुळें इंग्लंडांतील हॉट रॉडवाल्यांची ती लाडकी गाडी झाली. मूळ बुइक कंपनीनें काढलेलें आणि १९६७ पासून रोव्हर गाड्यांत बसूं लागलेलें साडेतीन लिटरचें, आठ नळकांड्यांचें ॲल्युमिनियमचें इंजिन हलकें असल्यानें या कामीं फार वापरलें गेलें. याहि आधींपासून जुन्या ऑस्टिन सेव्हनचा डबा उतरवून तिच्या चासीवर स्वतःची शर्यतीची गाडी बांधण्याची रीत इंग्लंडांत होतीच. पुढें लोटस ही जगप्रसिद्ध मोटार काढणारे कॉलिन चॅपमन यांची १९४८ सालची पहिली गाडी अशाच एका ऑस्टिन सेव्हनवर उभारलेली होती.

भारतांत इंग्रजी बंद मोटारीनें जें दीर्घायुष्य भोगलें, तसें तिला स्वदेशींहि लाभलें नाहीं. १९४२ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सनें मॉरिस टेनपासून हिंदुस्थान टेन काढली. मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेपासून लँडमास्टर आणि तिसऱ्या मालिकेपासून ॲम्बॅसडर निघाली. इंग्लंडांत ती ऑक्सफर्ड १९५९ सालीं बंद पडली. हुगळीकांठच्या उत्तरपाड्यांत मात्र ॲम्बॅसडर २०१४ पर्यंत बनत राहिली. या गाडीचा इतिहास पाहिला असतां एक गंमत लक्षांत येते. डबा जवळजवळ तोच राहिला, पण काळीज मात्र कारखान्यानेंच वारंवार बदललें. आरंभीं बाजूला झडपा असलेलें १४७६ घनसेंटिमीटरचें इंजिन होतें. १९५९ मध्यें त्याच्या जागीं डोक्यावर झडपा असलेलें १४८९ घनसेंटिमीटरचें आलें. पुढें डिझेल इंजिन आलें, आणि १९९० नंतर इसुझूचें १.८ लिटरचें इंजिन पांच गियरांसह आलें. शिवाय देशांत ठिकठिकाणीं टॅक्सीवाल्यांनीं आपापल्या पेट्रोल-गाड्यांत डिझेल इंजिनें बसविलीं तीं वेगळींच. म्हणजे इंजिनबदल ही गोष्ट या गाडीच्या कुळाला नवीन नाहीं. फरक इतकाच कीं, टॅक्सीवाल्यानें इंजिन बदललें तें खर्च कमी व्हावा म्हणून. हॉट रॉडवाला बदलतो तो वेग वाढावा म्हणून. महाराष्ट्रांतील मोटार-रचनाकार दिलीप छाब्रिया यांच्या डीसी या कारखान्यानें २००८ सालच्या दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत ॲम्बॅसडरवरून ‘अँबीरॉड’ नांवाची गाडी मांडली, तेव्हां या दोन परंपरांची उघड सोयरीक झाली असें म्हणतां येईल.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळावें. बीडमधील एखाद्या वाड्यांत जुनी ॲम्बॅसडर वा मॉरिस उभी आहे आणि तिला नवें काळीज द्यावयाचें आहे, असें धरूं. पहिलें काम पाना हातीं घेण्याचें नव्हे, तर मोजमापाचें आहे. गाडी वजनकाट्यावर न्यावी; ऊस आणि कापूस तोलणारे कांटे या जिल्ह्यांत दुर्मिळ नाहींत. पुढच्या चाकांवर किती भार आहे व मागच्यांवर किती, तें निरनिराळें टिपून ठेवावें. नवें इंजिन जड असेल तर सारा जादा भार पुढें पडतो. वळणावर गाडी सरळ जाऊं पाहते आणि मागचीं चाकें हलकीं पडून ब्रेक लावतांच घसरतात. म्हणून इंजिन शक्य तेवढें मागें आणि खालीं बसवावें लागतें. त्यासाठीं इंजिन व बैठक यांमधील पत्रा कापावा लागतो, आणि तेथेंच सुकाणूचा दांडा आडवा येतो.

इंजिन बसलें म्हणजे काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तेथें तें सुरू होतें. इंजिनाची शक्ति चाकापर्यंत जातांना क्लच, गियरपेटी, लांब शाफ्ट, डिफरन्शियल आणि चाकाचे दांडे या सांखळींतून जाते, आणि सांखळी तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच बळकट असते. पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीसाठीं घडविलेल्या दांड्यावर दीडशेंचा पीळ पडला तर तो आज ना उद्यां तुटणारच. मागचे कमानपाटेहि या पिळानें वांकतात. गाडी जोरानें निघतांना आंसाचें नाक वर उचललें जातें आणि पाट्याला नागमोडी वळण येतें. तें रोखण्यासाठीं आंस व सांगाडा यांच्यामध्यें आधाराचे दांडे द्यावे लागतात.

पुढचा प्रश्न उष्णतेचा. इंजिन जितकी शक्ति देतें त्याहून अधिक उष्णता बाहेर टाकतें. अमेरिकेंतल्या सपाट तळ्यावर समोरचा वाराच पाणी थंड करतो. पण हंगामांत उसानें लादलेल्या ट्रॅक्टरमागें पहिल्या गियरांत घाट चढणाऱ्या गाडीला वारा कोठून मिळणार? मराठवाड्यांतील वैशाखाच्या उन्हाचा हिशेब करूनच रेडिएटर आणि पंखा निवडला पाहिजे. या मुलखांतील कोरड्या हवेचा एक लाभ मात्र आहे. कोंकणांतल्याप्रमाणें येथें पत्रा लवकर गंजत नाहीं. जुन्या गाडीचा तळ पुष्कळदां शाबूत सांपडतो. उलट रबराचे भाग आणि विजेच्या तारांवरील वेष्टन उन्हानें तडकतात; तीं सर्व नवीं घालावीं हें उत्तम.

पत्र्याचें काम हें दिसण्यांत सर्वांत आकर्षक आणि खरोखर सर्वांत धोक्याचें आहे. हॉट रॉडवाले टपाचे खांब कापून टप चार-सहा बोटें खालीं आणतात. फोर्ड पॉप्युलरसारख्या वेगळ्या चासीच्या गाडींत हें त्या मानानें सोपें आहे, कारण भार चासीवर असतो. मॉरिस ऑक्सफर्ड आणि ॲम्बॅसडर यांना अशी वेगळी चासी नाहीं. तळ, दारांखालच्या पेट्या, खांब आणि टप हे मिळूनच सांगाडा होतो. त्यांतील एक खांब कापला कीं बाकीच्यांवर ताण जातो, मधला भाग खचतो आणि मग दारें लागेनाशीं होतात. म्हणून कापण्यापूर्वीं दारांच्या फटी मोजाव्या, आंतून लोखंडी नळ्यांचे आडवे-तिडवे आधार द्यावे, आणि एका वेळीं एकच जागा कापून जोडावी. ज्याला हा धीर नाहीं, त्यानें टपाला हात लावूं नये.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. गाडीच्या अंगांतील गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून जेवढ्या अंतरांत थांबते, त्याच्या चौपट अंतर तिला ताशीं ८० वेगानें लागतें. १२० वेगानें तें नऊपट होतें. ही सारी शक्ति ब्रेकमध्यें उष्णता होऊन बाहेर पडते. जुने ब्रेक-ड्रम दोन-तीनदां लागोपाठ जोरानें वापरले कीं तापून फुगतात, पट्ट्यांची पकड सुटते आणि पायाखालचें पेडल नुसतेंच खालीं जातें. मांजरसुंब्याच्या उतारावर असा प्रसंग ओढवला तर त्याचें फळ एकट्या शौकीन मालकाला भोगावें लागत नाहीं. तें समोरून येणाऱ्या बसमधील उतारूंना आणि रस्त्याच्या कडेनें चालणाऱ्या बायामुलांनाहि भोगावें लागतें. म्हणून चांगला कारागीर आधीं ब्रेक बदलतो, मग सुकाणू व टायर पाहतो, आणि इंजिनाला सर्वांत शेवटीं हात घालतो. जो उलट क्रमानें जातो त्याच्या कौशल्याबद्दल शंका घ्यावी.

येथें कायद्याचा प्रश्न उभा राहतो. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील मूळ कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकानें गाडींत करूं नये. इंधन बदलण्यासारख्या कांहीं गोष्टींना ठराविक अटींवर मुभा आहे, आणि त्याच जातीचें इंजिन परवानगीनें बदलतां येतें. पण सांगाडा कापणें किंवा भलतेंच इंजिन घालणें त्यांत बसत नाहीं. केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं हाच अर्थ निश्चित केला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. विमा कंपनीला न कळवितां फेरफार केला तर अपघातानंतर भरपाईविषयीं वाद उपस्थित होतो तो निराळाच. तेव्हां एमएच-२३ ची पाटी असलेली ॲम्बॅसडर हॉट रॉड होऊन बीडच्या हमरस्त्यावर रोज फिरेल, ही आशा बाळगूं नये. अशा गाडीची जागा बंदिस्त मैदानांत किंवा प्रदर्शनांत आहे.

कौशल्य आणि कायदा यांचा हा झगडा महाराष्ट्रानें नुकताच पाहिला आहे. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थानें भंगारांतील भाग जमवून, सुमारें साठ हजार रुपयांत, दुचाकीप्रमाणें लाथ मारून सुरू होणारी चारचाकी तयार केली. डिसेंबर २०२१ मध्यें उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिची उघड प्रशंसा केली. पण ही गाडी नियमांत बसत नाहीं, आज ना उद्यां अधिकारी ती थांबवतील, हेंहि त्यांनीं स्पष्ट सांगितलें आणि तिच्या मोबदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती त्या कुटुंबाला मिळाली. सर्वच कारागिरांना असा गुणग्राहक भेटत नाहीं. पण त्या प्रसंगानें एक गोष्ट दाखविली कीं, नियम योग्य असूनहि त्याच्यापुढें गुण वायां जाऊं शकतो. आणि गुणाला वाव देणारी वेगळी जागा समाजानें निर्माण केली नाहीं, तर तो एक तर मरतो किंवा आडवाटेला लागतो.

जुन्या गाडीच्या मालकाला दुसरीहि एक वाट खुली आहे. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें पुरातन मोटारींसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षें झालेली, खाजगी वापराची गाडी, तिच्या चासीत, डब्यांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसेल तर, २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठीं ‘व्हीए’ अक्षरांच्या पाटीखालीं नव्यानें नोंदतां येते. रोजच्या दळणवळणाला ती वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, पुरातन मोटारींची फेरी, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. १९७० च्या आधीं नोंदलेली ॲम्बॅसडर आज वयानें या व्याख्येंत बसते. म्हणजे मालकापुढें दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींपासून कायमच्या फुटतात. खांब कापला, तळ फाडला, कीं पुरातनत्वाची वाट त्या क्षणीं बंद झाली; मग कितीहि पैसा ओतला तरी कारखान्यांतून आलेला तो सांगाडा परत येत नाहीं.

यावरून निवडीची कसोटी आपोआप निघते. जी गाडी समग्र आहे, जिचें मूळ इंजिन, मूळ कागद आणि मूळ सांगाडा टिकून आहे, ती जशीच्या तशी राखावी. तशा गाड्या आतां थोड्या राहिल्या आहेत आणि पुढें आणखी थोड्या होतील. जिचें इंजिन कधींच दुसऱ्या गाडींत गेलें, जिचा डबा कोणाच्या तरी परसांत कोंबड्यांचें खुराडें होऊन पडला आहे, तिला वितळविणाऱ्याच्या भट्टींतून वांचवून कारागिरानें नवा जन्म दिला तर त्यांत कोणाचेंहि नुकसान नाहीं. कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं आरंभ केला तो अशाच टाकाऊ गाड्यांवर.

आणि अशी गाडी जर बीड, अंबाजोगाई किंवा माजलगांव येथील एखाद्या यंत्रशाळेंत विद्यार्थ्यांच्या हातून घडली, तर तिचा खरा लाभ वेगांत नसून शिक्षणांत आहे. पीळ म्हणजे काय, उष्णता कोठें जाते, वर्गाचा नियम ब्रेकवर कसा लागू पडतो, हें फळ्यावर शिकलेलें विसरतें; स्वतः कापलेल्या व जोडलेल्या लोखंडांत शिकलेलें विसरत नाहीं. असें काम शिक्षकाच्या देखरेखीखालीं, आवाराच्या आंत आणि ब्रेकपासून आरंभ करून व्हावें. ज्या जिल्ह्यानें रेल्वेची वाट पाहत कितीएक पिढ्या मोटारीच्या जोरावर काढल्या, त्या जिल्ह्याच्या मिस्त्र्यांजवळ याला लागणारा हात आहे. त्या हाताला मोजपट्टी आणि नियम यांची जोड मिळावी, एवढेंच मागणें उरतें.